आईबाबांना घेऊन रियोकानमध्ये एक रात्र: बुकिंगच्या आधी काय सांगायचं, कुठे राहायचं

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचे एक गृहस्थ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नी आणि आईवडिलांना घेऊन नऊ दिवस जपानला निघालेत. टोकियो आणि क्योटो ठरलं आहे, मधली एक रात्र गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या पारंपरिक मुक्कामात, म्हणजे रियोकानमध्ये काढायची आहे. वडील ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू. आई ६६ वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यात चार बायकांसमोर विवस्त्र होऊन आंघोळ करायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी खोलीत बसते." एवढे पैसे घालून जावं का आणि गेलो तर कुठे, असं त्यांनी विचारलंय.

जा. आईंना घेऊनच जा. गेली अठरा वर्षं मी दुभाषी म्हणून मराठी मंडळींच्या गटांबरोबर जपानात फिरते आहे. सहलीहून परतल्यावर ज्येष्ठ मंडळी ज्या एका रात्रीबद्दल वर्षानुवर्षं बोलत राहतात, ती बहुतेकदा रियोकानमधली असते. पण ज्यांची ती रात्र फसली, त्यांची फसण्याचं कारणही जवळजवळ नेहमी एकच होतं. जे आधी सांगायला हवं होतं, ते पोहोचल्यावर सांगितलं.

आपल्याकडे हॉटेलात पोहोचून म्हणता येतं, "जरा कमी तिखट करा, एक गादी जास्त द्या." रियोकानची संध्याकाळ मात्र पाहुणा यायच्या कितीतरी आधी मांडून झालेली असते. किती माणसं, कोणत्या वेळेला जेवणार, कोणत्या खोलीत कोण झोपणार, हे ठरवून स्वयंपाकी त्या दिवसाचे जिन्नस आणतो. पानं मोजून लावलेली असतात. ऐनवेळी "आम्ही मासे खात नाही" म्हटलं की तिथली बाई नम्रपणे मान लववते, पण आत स्वयंपाकघरात दिवसभराची मेहनत वाया जाते आणि तुमच्या पुढ्यात भात आणि लोणचं येतं. म्हणून खाली जे सांगते आहे, त्यातलं बरंचसं काम घरी बसून करायचं आहे.

सुरुवात जेवणापासून करते, कारण शाकाहारी माणसाला खरी अडचण तिथे येते. रियोकानचा दर खोलीमागे नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. या पद्धतीला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, म्हणजे एक रात्र, दोन जेवणं. मध्यम दर्जाच्या ठिकाणी माणशी साधारण १५ ते ३० हजार येन धरा, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री त्याहून जास्त. रात्रीचं जेवण 'काइसेकी' पद्धतीचं. एकामागून एक छोट्या छोट्या बशा येतात, ऋतूप्रमाणे भाज्या आणि मासे बदलतात, कच्च्या माशांच्या चकत्या असतात, सार असतं, भाजलेलं, शिजवलेलं काही असतं आणि शेवटी भात, मिसो (आंबवलेलं सोयाबीन) सूप आणि लोणची. नजर ठरणार नाही इतकं सुंदर, पण जवळजवळ प्रत्येक बशीत समुद्र.

'आम्ही शाकाहारी आहोत' एवढंच लिहून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया आहे 'दाशी', म्हणजे आपल्या कटासारखं किंवा सारासारखं पातळ पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवून किसलेल्या बोनिटो माशाचं असतं. मिसो सूप, भाज्यांचा रस्सा, नूडल्सबरोबर बुडवून खायचं पाणी, तोफूवरचं सॉस, सगळ्यात ते उतरलेलं. जपानी माणसाला त्यात मासा आहे असं वाटतच नाही, जसं आपलं आमटीतल्या हिंगाकडे वेगळं लक्ष जात नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी अकरा जणांच्या गटासाठी फक्त 'शाकाहारी' असं लिहून पाठवलं होतं. त्यांनी खरंच मासा कुठेही ठेवला नव्हता. पण गरम तोफूवर गुलाबी-तपकिरी रंगाचे पातळ पापुद्रे होते आणि वाफेने ते हलत होते. गटातल्या एका आजींनी विचारलं, "हे काय हलतंय गं?" ते त्याच सुक्या बोनिटोचे होते. मी काय सांगणार? चूक पूर्ण माझी होती. त्या रात्री अकरा माणसं भात, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीवर झोपली. तिथल्या मालकीणबाई दोनदा येऊन माफी मागून गेल्या आणि त्यांची काहीही चूक नव्हती, हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून मी असं लिहिते, आणि तुम्हीही बुकिंग करण्याच्या आधी असंच लिहा. इंग्रजीत चालेल, जपानीत भाषांतर करून जोडलंत तर उत्तम. मांस, मासे, शिंपले-कोळंबी आणि अंडी खात नाही. बोनिटो किंवा सुक्या माशांचं दाशीही चालत नाही. कोंबू या समुद्री शेवाळाचं आणि शिइताके अळंबीचं दाशी चालतं. दूध चालतं. किती जणांसाठी हे हवं आणि किती जण सगळं खातात, तेही लिहा, म्हणजे चौघांचं जेवण बदलायची गरज पडणार नाही. स्वयंपाकात साके आणि मिरिन, म्हणजे तांदळाची दारू, सर्रास वापरतात. आईंना तेही चालणार नसेल तर त्याच पत्रात सांगा. आणि शेवटी सरळ विचारा: हे जमेल का, जादा किती येन पडतील?

काही ठिकाणांहून उत्तर येईल की क्षमस्व, आम्हाला जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नका आणि घासाघीसही करू नका. हे उत्तर प्रामाणिक असतं, आणि दोन महिने आधी आलेला नकार तुमची रात्र वाचवतो. अशा ठिकाणी फक्त न्याहारीसह किंवा 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय राहता येतं का ते पाहा. न्याहारीतही भाजलेला मासा, कच्चं अंडं आणि माशाच्या दाशीचं मिसो सूप असतंच, तेव्हा तीच यादी न्याहारीसाठीही लागू आहे हे वेगळं लिहा. लोक ते विसरतात. कोरडी चटणी आणि मेतकूट जवळ असू द्या. जपानी चिकट भातावर मेतकूट फार छान लागतं. मात्र खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावून खिचडी टाकू नका. तातामीच्या गवती चटयांना वास धरतो, आगीची भीती असते आणि लाकडी घरात ती भीती खरी असते.

आता आईंच्या मनातली गोष्ट.

सार्वजनिक कुंडात कपडे घालून उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पुरुषांचं आणि बायकांचं कुंड वेगळं असतं. पण आईंना तिथे उतरायची सक्ती कुणीच करत नाही. त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, 'काशिकिरी-बुरो': छोटं कुंड, जे ४०-५० मिनिटांसाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळतं, आतून कडी लावता येते. काही ठिकाणी ते फुकट असतं, काही ठिकाणी दोन-तीन हजार येन. दुसरा मार्ग, खोलीच्याच सज्जात कुंड असलेली खोली. ती बरीच महाग पडते, पण मध्यरात्री दोन वाजता उठून गरम पाण्यात बसायचं सुख त्यात आहे. चौघांसाठी मी पहिला मार्ग सुचवेन. आई आणि सूनबाई एकदा, तुम्ही आणि वडील एकदा. वडिलांच्या गुडघ्यांसाठीही तेच बरं, कारण धुण्याच्या जागेवरची स्टुलं आपल्या पाटाहून थोडीच उंच असतात, ओला दगड निसरडा असतो आणि हात द्यायला आपलं माणूस जवळ लागतं. कुंडाला कठडा आहे का आणि उंच स्टूल मिळेल का, हे त्याच पत्रात विचारा.

रीत दोन्हीकडे सारखीच. कापडी पडद्यातून आत गेलं की टोपलीत कपडे ठेवायचे आणि छोटा पंचा घेऊन पुढे जायचं. नळापुढे स्टुलावर बसून साबणाने नीट अंग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, केस वर बांधायचे. कुंडात उतरायचं ते स्वच्छ होऊन, कारण त्या पाण्यात सगळेच बसणार असतात. आपल्याकडे देवळाच्या कुंडापाशी पाय धुऊन मगच पुढे जातात, तसाच भाव त्यामागे आहे. मग ओणव्याने लाकडी घंगाळातलं पाणी पायांवर, मांड्यांवर, खांद्यांवर घ्यायचं. पाणी ४१-४२ अंशांचं असतं, दिवाळीच्या पहाटेच्या कढत पाण्याची आठवण येईल असं, आणि एकदम उतरलं तर छाती दडपते. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवतात. पोहायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. पाच ते दहा मिनिटं बसून बाहेर यायचं, थंड व्हायचं, हवं तर पुन्हा.

आईंना एवढं जरूर सांगा की तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. लहानपणापासून आई-आजीबरोबर त्या पाण्यात बसत आलेल्या बायकांना त्यात बघण्यासारखं काही वाटतच नाही. सांगलीच्या एक काकू तीन दिवस नाही म्हणत होत्या. शेवटच्या पहाटे साडेपाचला मी त्यांना नुसतं बघायला म्हणून नेलं. कुंड रिकामं होतं, बाहेर धुकं, पाण्यावर वाफ. त्या काठावर पाय सोडून बसल्या, मग उतरल्या, आणि बराच वेळाने म्हणाल्या, "लहानपणी आजी वज्रेश्वरीला न्यायची. तिथल्या पाण्याला असाच वास होता." पहाटे साडेपाच ते सहा ही वेळ लक्षात ठेवा. आईंना वाटलंच तर तीच.

वासाचं म्हणाल तर तो गंधकाचा. अशा पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण खोलीतच काढून ठेवायला सांगा. सगळ्याच ओनसेनना, म्हणजे अशा झऱ्यांना, हा वास नसतो. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघतानाच पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी निदान एक त्यात पुरेसा असेल, तर त्याला ओनसेन म्हणतात. कुठे ते लोहामुळे तांबूस असतं, कुठे आम्लधर्मी, कुठे अगदी साधं, नितळ. कपडे काढायच्या खोलीत भिंतीवर पाण्याच्या तपासणीचा कागद लावलेला असतो, आणि कुंडात साधं पाणी मिसळलंय का, तापवलंय का, तेच पाणी पुन्हा फिरवलंय का, जंतुनाशक घातलंय का, हेही तिथे लिहावं लागतं. २००४ मध्ये एका नावाजलेल्या ठिकाणी पांढरा रंग यावा म्हणून पाण्यात पूड घातल्याचं उघडकीला आलं, त्यानंतर २००५ पासून हे लिहिणं सक्तीचं झालं. झऱ्याचं पाणी सतत आत येऊन काठावरून वाहून जात असेल तर त्याला 'काकेनागाशी' म्हणतात. मी ठिकाण निवडताना हा शब्द आधी शोधते.

वडिलांसाठी मात्र मी आग्रहाने सांगते: निघण्याआधी डॉक्टरांना विचारा की ४२ अंशांच्या पाण्यात बसलेलं चालेल का. त्याच कागदावर कुणी उतरू नये याची यादीही असते आणि गंभीर हृदयविकार त्यात असतो. होकार मिळाला तरी एकटं उतरू देऊ नका. आधी पाणी प्यायचं, पोट फार भरलेलं नको आणि अगदी रिकामंही नको, जेवणात साके घेतली असेल तर त्या रात्री कुंड नाही. बाहेर येताना झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते; आधी काठावर बसायचं. खोलीत पाय ठेवताच चहा आणि एखादं गोड देतात, ते खाऊन मगच आंघोळीला जायचं, असं तिथले जुने लोक सांगतात. ते ऐकण्यासारखं आहे.

खोलीबद्दल एक निर्णय तुम्हाला आताच घ्यायचा आहे. शुद्ध जपानी खोलीत खुर्चीला पाय नसतात, जेवणाचं टेबल बुटकं असतं आणि रात्री तातामीवर गाद्या घालतात. जमिनीवर बसण्याची आपल्याला सवय आहे असं वाटतं, पण ७१ व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी रात्री तीनदा जमिनीवरून उठणं वेगळं. 'वायोशित्सु' मागा: अर्धी खोली तातामीची, अर्ध्यात पलंग. जेवण खोलीत नको, खुर्च्या-टेबलांच्या दालनात हवं असंही लिहा. आणि इमारतीला लिफ्ट आहे का ते विचारा. सुंदर जुन्या लाकडी रियोकानमध्ये बऱ्याचदा नसते आणि कुंड दोन जिने खाली असतं.

मग कुठे जायचं? जपानात ओनसेनची गावं जवळपास तीन हजार आहेत. तुमच्या मार्गावर आणि तुमच्या माणसांसाठी मी हाकोने म्हणेन. टोकियोतल्या शिंजुकूहून रोमान्सकार नावाची गाडी साधारण दीड तासात हाकोने-युमोतोला नेते, आणि दुसऱ्या दिवशी ओदावारा स्थानकावरून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योटो गाठता येतं. युमोतोमध्येच, स्थानकाजवळचं रियोकान घ्या. वर डोंगरातली ठिकाणं देखणी आहेत, पण चढ-उतार फार. गंधकाचं पांढरट पाणीच हवं असेल तर हाकोनेतलंच सेंगोकुहारा, तिथवर बसने जावं लागतं. हाकोनेतल्याच ओवाकुदानीला जमिनीतून वाफा उठताना दिसतात. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिथे जाऊ नये अशी सूचना असते, वडिलांना न्यायचं का तेही डॉक्टरांनाच विचारा.

आईंचं जेवण हीच सगळ्यात मोठी काळजी असेल, तर कोयासानचा विचार करा. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी आणि मग केबल कार. कुकाइ या भिक्षूने ८१६ मध्ये वसवलेला हा मठांचा डोंगर आहे आणि तिथले मठ पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात. जेवण 'शोजिन र्‍योरी', मठाचं: मांस नाही, मासा नाही, परंपरेने कांदा-लसूणही नाही. तिळाच्या दुधाचं तोफू खाल्लं की आई वाटीतलं शेवटपर्यंत पुसून खातील. गरम पाण्याचा झरा मात्र तिथल्या बहुतेक मठांत नाही, साधं सामाईक न्हाणीघर असतं, आणि एप्रिलमध्येही रात्री थंडी असते. झरा आणि जेवण दोन्ही हवं असेल तर कोबेमागचं आरिमा हा तिसरा पर्याय. लोहामुळे तांबूस झालेलं तिथलं 'सोनेरी' पाणी पंचाला डाग पाडतं, म्हणून चांगला पंचा नेऊ नका. कोबेत भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे जैन मंदिरही आहे. रात्रीचं जेवण शहरात भारतीय ठिकाणी उरकून आरिमात फक्त न्याहारीसह राहता येतं. किनोसाकी हे ओनसेनचं गाव मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, लाकडी चपला घालून एकामागून एक सार्वजनिक कुंडं पालथी घालायची. पण दुखऱ्या गुडघ्यांना ते चालणं नको, आणि तिथलं प्रसिद्ध जेवण म्हणजे खेकडा.

कुठेही गेलात तरी दुपारी तीनला पोहोचा. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. दिवसभर फिरून सात वाजता पोहोचतात, जेवण थंड होत आलेलं असतं, आंघोळ राहते, सकाळी दहाला खोली सोडायची असते, आणि मग म्हणतात एवढ्या पैशात काय मिळालं? तुम्ही पैसे देता ते त्या सबंध दुपारसाठी. तीनला चहा, चारला कुंड, सहाला जेवण. जेवत असताना कुणीतरी हलकेच येऊन गाद्या घालून जातं. मोठ्या बॅगा बरोबर आणू नका. टोकियोच्या हॉटेलातून त्या ताक्क्युबिन या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने थेट क्योटोच्या हॉटेलात पाठवा आणि एका रात्रीचे कपडे पाठीवर घ्या. उशीर होणार असेल तर फोन करा, कितीही संकोच वाटला तरी.

बूट दारात काढायचे, आतल्या सपाता तातामीवर न्यायच्या नाहीत, संडासाच्या सपाता संडासातच सोडून यायच्या. युकाता, म्हणजे तिथे मिळणारा सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर. उजवी वर घेतात ती मृतदेहाला, म्हणून वडिलांचा युकाता एकदा बघून घ्या. बक्षिसी देत नाहीत. निघताना बिलात माणशी साधारण १५० येन स्नानकर दिसेल, तो सरकारी असतो.

आणि पहाटे आईंना घेऊन जाल तेव्हा सूनबाईंना दारावरचा पडदा आधी वाचायला सांगा. पुष्कळ ठिकाणी रात्रीतून बायकांचं आणि पुरुषांचं कुंड अदलाबदल करतात, म्हणजे दोघांनाही दोन्ही कुंडं मिळावीत. रात्री जिकडे गेलात तिकडेच सवयीने पाय वळतात. बायकांच्या पडद्यावर 女 हे अक्षर असतं, बहुतेकदा तांबड्या कापडावर.